थेंबात किती, ते आधी लिहा

राजेंद्रनगर असो, रामबाग असो की सुदामानगर, इंदूरच्या मराठी घरांत सध्या एक तपकिरी काचेची बाटली शिरली आहे. बोटभर उंच, झाकणाला ड्रॉपर, वर हिरव्या पानाचं चित्र. गुडघे दुखतात? पाच थेंब जिभेखाली. झोप येत नाही? सात घ्या. मुलगा परदेशात आणि घरात दोघंच, म्हणून जीव घाबरतो, तर त्यावरही हेच. बाटलीत भांगेच्या पानांचा अर्क असतो. लेबलावर त्याला 'विजया' म्हणतात आणि ती आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर विकली जाते. लपूनछपून काही नाही. या बाटलीबरोबर एक वाक्यही फिरतं आणि ते आता सकाळी फिरायला येणाऱ्या प्रत्येकाला पाठ झालं आहे: आपल्या शरीरात एंडोकॅनाबिनॉइड सिस्टीम नावाची यंत्रणा असते, तिचा तोल गेला की दुखणी मागे लागतात, आणि भांग तो तोल सावरते.

या वाक्याचा पहिला तुकडा अगदी खरा आहे. दुसरा अंदाज आहे. तिसरा जाहिरात आहे.

मी आयुष्यभर फार्मसीच्या मुलांना औषधशास्त्र शिकवलं. बाटलीवर माझा राग नाही. भांगेतून औषधं निघू शकतात, निघालेलीही आहेत, आणि आपल्या देशाने हा विषय इतकी वर्षं अडगळीत टाकला याचं मला वाईटच वाटतं. माझा आक्षेप वेगळ्या जागी आहे. थेंबांची बाटली, भांगेचं परवान्याचं दुकान आणि १९८५ सालचा अंमली पदार्थांचा कायदा या तिन्ही ठिकाणी एकच चौकशी होते: झाडाचा कुठला भाग वापरला? पान, फूल की राळ? त्यातला कोणता रेणू किती मिलिग्रॅम पोटात गेला, हे कोणी विचारत नाही. शरीराला मात्र दुसरं काही कळतच नाही.

शरीराला काय कळतं, हे जरा सविस्तर सांगते.

मेंदूतली एक पेशी रसायन सोडते, शेजारची ते घेते आणि उत्तेजित होते किंवा शांत होते. पाठ्यपुस्तकांत हा व्यवहार बराच काळ एकेरीच काढलेला असायचा. पण घेणाऱ्या पेशीवर मारा फार झाला तर तिच्या आत कॅल्शियम वाढतं आणि ती आपल्याच आवरणातल्या स्निग्ध पदार्थापासून जागच्या जागी एक रेणू तयार करते. त्याचं नाव टू-एजी. हा रेणू उलटा जातो, म्हणजे घेणाऱ्या पेशीकडून देणाऱ्या पेशीकडे. देणारीच्या टोकावर सीबी-१ नावाचा रिसेप्टर, म्हणजे ठरावीक रेणूंची बसायची जागा असते, त्यावर तो बसतो, आणि देणारीचा हात आखडतो. पंगतीत वाढपी भरभरून वाढत सुटला की आपण ताटावर आडवा हात धरतो, 'पुरे' म्हणतो, तसं हे आहे. काम झालं की ठरलेलं एन्झाइम त्या रेणूचे तुकडे करतं आणि मिनिटभरात सगळं पूर्ववत होतं. ही उलटी वाट २००१ साली एकाच सुमाराला तीन वेगवेगळ्या गटांनी प्रयोगांनी दाखवली.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, हे रेणू साठवून ठेवलेले नसतात. बहुतेक मेंदूरसायनं पेशीत पिशव्या भरून तयार असतात, ही मात्र गरज पडेल तेव्हाच बनतात. दोन, ते जिथे बनतात तिथेच काम करतात आणि लगेच नष्ट होतात. म्हणजे या एंडोकॅनाबिनॉइड यंत्रणेची सगळी करामत नेमक्या जागेत आणि नेमक्या क्षणात आहे.

आता भांगेतला टीएचसी, म्हणजे नशा आणणारा रेणू, आत येतो. तोही सीबी-१ वर बसतो. पण तो एका ताटाचा 'पुरे' घेऊन येत नाही. तो सगळ्या पंगतीच्या ताटांवर एकदम हात धरतो, ज्यांना पोटभर झालंय त्यांच्या आणि ज्यांच्या पानात अजून मीठही पडलेलं नाही त्यांच्याही. शिवाय मिनिटभरात जात नाही, काही तास मुक्काम करतो. बरं, सीबी-१ हा उत्तेजन देणाऱ्या पेशींवर असतो तसाच शांत करणाऱ्या पेशींवरही असतो. त्यामुळे कुठे उत्तेजन कमी होतं, तर कुठे आवर घालणाराच गप्प होतो. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे मिरवणुकीत, एकाच ठंडाईवर एक जण खिदळत असतो आणि दुसरा 'मी आता मरणार' म्हणून राजवाड्याच्या पायरीवर बसलेला असतो, तो स्वभावाचा खेळ नुसता नाही. 'भांग शांत करते' हे विधान त्यामुळे अर्धवट आहे. कोणाला, किती मात्रेत, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

सीबी-१ मेंदूत भरपूर आहे: स्मरणाच्या जागी, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागात, भुकेच्या केंद्रांत. श्वासावर नियंत्रण ठेवणाऱ्या मेंदूच्या बुंध्यात मात्र फार थोडा आहे. अफूच्या अतिसेवनाने श्वास थांबून माणूस जातो, भांगेने सहसा तसा जात नाही, त्याचं कारण हे. दुसरा रिसेप्टर सीबी-२, तो मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर. आणि शरीराचा दुसरा प्रसिद्ध रेणू आनंदामाइड, तो सीबी-१ खेरीज मिरचीचा तिखटपणा ओळखणाऱ्या रिसेप्टरवरही जाऊन बसतो. जिरावण मसाला घातलेल्या पोह्यांनी जिभेला जो झटका बसतो तोच रिसेप्टर. एवढंच काय, घरोघरच्या पॅरासिटामोलचा थोडा भाग मेंदूत गेल्यावर अशा रूपात बदलतो की वेदना कमी करण्याचं त्याचं काम काही अंशी याच यंत्रणेतून होतं, असं संशोधन सांगतं. म्हणजे 'एंडोकॅनाबिनॉइड सिस्टीमवर काम करणारं काहीतरी' हवं असेल तर ते आपल्या औषधांच्या डब्यात आधीपासून पडलेलं आहे, आणि तेही स्वस्तातलं.

या यंत्रणेचा शोध उलट्या क्रमाने लागला. आधी झाड, मग झाडातला रेणू, मग तो बसतो ती जागा, आणि सगळ्यात शेवटी शरीराचे स्वतःचे रेणू. अफूतलं मॉर्फिन एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच वेगळं झालं होतं, कारण ते अल्कलॉइड आहे, त्याचे क्षार होतात, स्फटिक मिळतात. भांगेतला ऐवज मात्र चिकट, तेलकट, एकमेकांसारख्या पुष्कळ रेणूंचं मिश्रण. तो सुटा व्हायला १९६४ उजाडलं. इस्रायलमध्ये राफाएल मेकुलम आणि येहिएल गाओनी यांनी टीएचसी शुद्ध रूपात वेगळा केला. त्यासाठीचा पाच किलो चरस मेकुलमनी पोलिसांकडून, जप्तीच्या मालातून मिळवला आणि तो घेऊन ते चक्क बसने प्रयोगशाळेत गेले, ही गोष्ट ते स्वतःच सांगत. १९८८ मध्ये अमेरिकेत ॲलिन हाउलेट आणि विल्यम डिव्हेन यांनी उंदरांच्या मेंदूत या रेणूची बसायची जागा दाखवली. मग १९९२ साली डुकराच्या मेंदूतून आनंदामाइड सापडलं, तेही मेकुलम यांच्याच गटाला; १९९५ मध्ये टू-एजी.

म्हणजे ज्या शास्त्राचा हवाला देऊन बाटली विकली जाते ते शास्त्र पुरतं चाळिशीचंही नाही. त्याचं वय ही त्याची चूक नव्हे. पण 'हजारो वर्षांचं ज्ञान आता विज्ञानानेही मान्य केलं' हे लेबलवाल्यांचं आवडतं वाक्य कुठे घसरतं ते यावरून कळावं. विज्ञानाने मान्य केलं ते एवढंच की शरीरात असे रिसेप्टर आहेत. असे तर शरीरात मॉर्फिनसाठीही आहेत, आणि शरीराचं स्वतःचं मॉर्फिनसारखं रसायन १९७५ मध्येच सापडलं. त्यावरून मंदसौरच्या अफूचे थेंब घरोघर वाटा, असं कोणी म्हणालं नाही. निकोटिनच्या नावाचे रिसेप्टर आपल्या स्नायूंत आहेत. म्हणून विडी पौष्टिक ठरत नाही.

'तोल गेला' या भागाकडे येते. २००४ च्या आसपास एक कल्पना मांडली गेली की अर्धशिशी, सर्वांगदुखी, आतड्यांचं काही दुखणं यांच्या मुळाशी शरीरातल्या या रेणूंची कमतरता असावी. कल्पना आकर्षक आहे, चुकीचीच आहे असंही म्हणवत नाही, पण सिद्ध झालेली नाही. आणि माझा साधा प्रश्न आहे: तुमची पातळी कमी आहे हे कळलं कसं? साखरेची तपासणी होते, थायरॉइडची होते, जीवनसत्त्व डी-ची होते. एंडोकॅनाबिनॉइडची नेहमीच्या उपचारात वापरली जाणारी तपासणी नाही. जे मोजलंच नाही ते कमी पडल्याचं निदान करून त्यावर औषध देणं, याला आमच्या धंद्यात चांगला शब्द नाही.

ही पातळी मुद्दाम वाढवून पाहिली गेली आहे, आणि ते प्रकरण गुडघेदुखीवाल्यांनी नक्की वाचावं. आनंदामाइडचे तुकडे करणारं एन्झाइम बंद पाडलं की शरीरातलं आनंदामाइड वाढेल आणि वेदना घटेल, असा तर्क. फायझर कंपनीने असं औषध बनवलं आणि गुडघ्याच्या संधिवाताच्या रुग्णांना देऊन पाहिलं. निष्कर्ष २०१२ मध्ये छापून आला. रक्तातलं आनंदामाइड ठरवल्याप्रमाणे वाढलं. गुडघा मात्र औषध नसलेल्या खोट्या गोळीने दुखावा तितकाच दुखत राहिला. त्याच चाचणीत तुलनेला ठेवलेल्या नॅप्रॉक्सेन या साध्या वेदनाशामकाने फरक दाखवला. यानंतर २०१६ च्या जानेवारीत फ्रान्समधल्या रेन शहरात याच जातीच्या दुसऱ्या एका औषधाची निरोगी स्वयंसेवकांवर चाचणी चालू होती. सर्वांत जास्त मात्रा घेणाऱ्या सहा जणांना रुग्णालयात न्यावं लागलं, त्यांतला एक दगावला. पुढे कळलं की ते औषध ठरलेल्या एन्झाइमखेरीज आणखी काही एन्झाइमांवरही तुटून पडत होतं.

उलट दिशेनेही प्रयोग झाला आहे. भांग घेतली की भूक लागते, मग सीबी-१ बंद केला तर भूक मरेल आणि वजन उतरेल, या हिशोबाने रिमोनाबँट नावाची गोळी २००६ मध्ये युरोपात आली. वजन खरंच उतरलं. पण लोक खिन्न होऊ लागले, आत्महत्येचे विचार येऊ लागले, आणि २००८ मध्ये गोळी बाजारातून काढावी लागली. भारतातही पुढे तिच्यावर बंदी आली. सीबी-१ मेंदूत इतक्या जागी, इतक्या निरनिराळ्या कामांना जुंपलेला असताना त्याला सरसकट दाबणं किंवा सरसकट चेतवणं हे दोन्ही महागात पडू शकतं, हा त्या तीन प्रकरणांचा अनुभव आहे. अनुभव कडू आहे, पण तो मिळाला कारण तिथे मात्रा मोजलेली होती. किती दिलं हे माहीत होतं म्हणून काय झालं हे कळलं.

आता आपली बाटली हातात घेऊ. मी एक मुद्दाम मागून घेतली, चष्मा लावला आणि वाचली. ३० मिलिलिटर. विजयापत्र अर्क १००० मिलिग्रॅम, बाकी तिळाचं तेल. खाली मुंगीच्या अक्षरांत: वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे. ही ओळ कंपनीची सद्बुद्धी नव्हे. भांग औषधांच्या नियमावलीतल्या अनुसूची ई-१ मध्ये, म्हणजे आयुर्वेदाच्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. त्या यादीतलं काही पोटात घ्यायच्या औषधात असेल तर हा इशारा इंग्रजीत आणि हिंदीत छापणं बंधनकारक आहे. आमच्या फिरण्याच्या मंडळीत एक काका मला म्हणाले होते, "काकू, नॅचरल आहे हो, साइड इफेक्ट शून्य." मी म्हटलं, "धोतराही नॅचरल आहे, आणि तोही त्याच यादीत आहे."

पण खरी गंमत त्या १००० मिलिग्रॅममध्ये आहे. हे वजन अर्काचं आहे. अर्कात टीएचसी किती आणि सीबीडी किती, हे माझ्या बाटलीवर कुठेच नव्हतं. हिशोब करून बघा. एका मिलिलिटरचे साधारण वीस थेंब धरले तर बाटलीत ६०० थेंब. पाच थेंबांत अर्क आला सुमारे ८ मिलिग्रॅम. त्या अर्कात टीएचसी ५ टक्के असेल असं धरा, तर पोटात गेला ०.४ मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. ५० टक्के धरा, तर गेला ४ मिलिग्रॅम. परदेशात कृत्रिम टीएचसीची, ड्रोनाबिनॉलची, जी कॅप्सूल डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळते तिची सगळ्यात लहान मात्रा २.५ मिलिग्रॅम आहे आणि वयस्करांना सुरुवात तिथून, दिवसातून एकदाच, करायला सांगतात. म्हणजे आमच्या काकांचे पाच थेंब नुसतं तिळाचं तेल असू शकतात किंवा दीड कॅप्सूलही. दोन्हीचं लेबल सारखंच दिसेल.

सीबीडीचंही तसंच. सीबीडी हा भांगेतला दुसरा मोठा रेणू, नशा न आणणारा. तो सीबी-१ वर फारसा बसतच नाही, त्यामुळे 'सीबीडी तुमच्या एंडोकॅनाबिनॉइड सिस्टीमला खुराक देतं' हे वाक्य तसंही डळमळीतच. पण सीबीडीचा एक उपयोग पक्का आहे: लहान मुलांना होणारे द्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ हे अपस्माराचे दोन हट्टी प्रकार. त्यासाठीचं शुद्ध सीबीडीचं औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं. त्याची नेहमीची मात्रा दर किलो वजनाला रोज १० मिलिग्रॅमच्या घरात, काहींना २० पर्यंत. वीस किलोच्या मुलाला रोज २०० ते ४०० मिलिग्रॅम. त्या औषधाच्या यशावर आपली ८ मिलिग्रॅमची पाचथेंबी स्वार झालेली आहे.

मग थेंबांनी लोकांना बरं वाटतं ते खोटं का? खोटं म्हणत नाही. केमोथेरपीची मळमळ, मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा यांवर या रेणूंचा उपयोग होतो, तशी औषधं परदेशांत आहेत. जुनाट वेदनेवर थोडाफार होतो, पण त्याचा पुरावा इतका कच्चा की वेदनांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये सरसकट वापराला मान्यता द्यायला नकार दिला. बाकी पाच थेंब आणि शेजारणीचा भरवसा, यानेही रात्र बरी जाते. त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्याच माणसाच्या डब्यातल्या इतर गोळ्यांमुळे. सत्तरीतला माणूस, सकाळी बीपीची गोळी, रात्री रक्त पातळ ठेवणारी. सीबीडी यकृतातल्या त्याच एन्झाइमांना मंदावतं ज्यांच्यावर वॉरफरिनसारख्या गोळ्यांचा निचरा अवलंबून असतो. रक्त ठरल्यापेक्षा जास्त पातळ होऊ शकतं. टीएचसीमुळे उभं राहताना रक्तदाब घसरतो. रात्री दोनला लघवीला उठलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी एवढं पुरे आहे. खुब्याचं हाड मोडलं की घरचे म्हणतात पाय घसरला, आणि थेंबांचा उल्लेख केसपेपरवर येतच नाही, कारण 'ते काही औषध नव्हे, आयुर्वेदिक आहे'.

दुकानाची तऱ्हा निराळी नाही. मध्य प्रदेशात परवान्यावर भांग विकली जाते, महाकालाच्या उज्जैनात तर ती दैनंदिन आहे, आणि इंदूरकराला त्यात वावगं वाटत नाही. मलाही वाटत नाही. पण गोळी हाताच्या अंदाजाने वळलेली असते. पान कुठलं, किती जुनं, किती उकळलं, यावर टीएचसीचं प्रमाण बदलतं. ताज्या पानात तो बहुतांशी निष्क्रिय रूपात असतो आणि उष्णतेने जागा होतो. पोटातून घेतलेली भांग चढायला अर्धा ते दोन तास लागतात, आणि वाटेत यकृत टीएचसीपासून आणखी एक जोरकस रेणू बनवतं. नवखा पोरगा अर्ध्या तासाने म्हणतो, "भिया, कुछ हुआ ही नहीं," आणि दुसरा ग्लास लावतो. दारूच्या बाटलीवर टक्केवारी छापल्याशिवाय आबकारी खातं ती विकू देत नाही. त्याच खात्याच्या परवान्यावर विकल्या जाणाऱ्या भांगेवर काहीच छापलेलं नसतं.

हे असं का झालं याचं मूळ कायद्याच्या व्याख्येत आहे. १९८५ च्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्यातून वगळलेल्या. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही हीच विभागणी. तिची मुळं आणखी मागे जातात. ब्रिटिश सरकारने १८९३-९४ मध्ये भांग-गांजा-चरसाच्या चौकशीसाठी आयोग नेमला, त्याने जवळजवळ बाराशे साक्षी घेतल्या आणि सांगितलं की बेताच्या सेवनाने फारसं बिघडत नाही, बंदी नको, परवाने आणि कर ठेवा. भांग सौम्य, गांजा तीव्र, चरस त्याहून, ही प्रतवारी त्या काळी योग्यच होती. रेणू कोणाला माहीत नव्हता. झाडाच्या भागावरून ताकद ओळखणं एवढंच हाती होतं. आज रेणू माहीत होऊन साठ वर्षं झाली, आणि आपण अजून पान की फूल हेच विचारतो आहोत. परिणाम बघा. शुद्ध टीएचसी याच कायद्याच्या अनुसूचीत मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांमध्ये आहे. तोच टीएचसी पानात असला की सरकारी परवाना. फुलात असला आणि खिशात पुडी सापडली की वर्षभरापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. आणि पानाचाच अर्क काढून घट्ट केला तर? कायद्यातली चरसची व्याख्या झाडापासून वेगळ्या काढलेल्या राळेबद्दल बोलते. त्यात हा अर्क बसतो की नाही यावर वकील हवं तेवढं भांडू शकतील. बाजाराने निकाल आपल्या बाजूने गृहीत धरून बाटल्या भरल्या आहेत.

सगळं बंद करा, असं म्हणणारे भेटतात. विशेषतः ज्यांची मुलं हॉस्टेलला आहेत ते. त्यांची भीती मला समजते. वाढत्या वयाच्या मेंदूत हीच यंत्रणा जोडण्या घडवण्याच्या कामात असते, आणि त्या वयात रोज टीएचसी घेणाऱ्यांत मनोविकारांचं प्रमाण जास्त दिसतं. पण बंदीने मात्रा कळत नाही, उलट कायमची अंधारात जाते. शिवाय अपस्माराच्या मुलाला शुद्ध, मोजलेलं सीबीडी मिळायलाच हवं. दुसऱ्या बाजूला, सगळं मोकळं करा म्हणणारे. त्यांना विल्यम ओशॉनेसी यांची आठवण द्यावीशी वाटते. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातल्या या आयरिश डॉक्टरने १८३९ मध्ये गांज्याच्या अर्काचे प्रयोग लिहून काढले आणि भारतातली ही वनस्पती पाश्चात्त्य वैद्यकात नेली. प्राण्यांवर करून बघितलं, मग रुग्णांवर, थेंब मोजून. पुढे शंभरएक वर्षांत ती तिथल्या औषधसूचीतून उतरली, त्यात नैतिक आरडाओरडा होताच. पण त्याच्या कितीतरी आधीपासून डॉक्टरांची तक्रार होती की एका बाटलीने रुग्ण झोपतो, दुसरीने भ्रमतो, तिसरीने काहीच होत नाही. भांगेचं औषध म्हणून पहिल्यांदा नाव गेलं ते मात्रेपायी. आपण तीच गोष्ट पुन्हा करायला निघालो आहोत.

आणि माप ठेवणं जमणार नाही, असं निदान माळव्यात तरी कोणी म्हणू नये. नीमचला सरकारी अफू आणि अल्कलॉइड कारखाना आहे. मंदसौर-नीमचच्या शेतकऱ्याला अफूचा पट्टा, म्हणजे लागवडीचा परवाना, मिळतो की नाही हे अलीकडे दर हेक्टरी किती मॉर्फिन निघालं यावर ठरतं. डोड्याला, म्हणजे अफूच्या बोंडाला, चीर देणाऱ्या माणसालाही ठाऊक असतं की शेवटी नुसतं वजन पुरत नाही, आतला रेणू मोजला जातो. अंमली पदार्थांचं केंद्रीय खातं, ज्याच्या हाताखाली अफूची ही शेती चालते, त्याचं मुख्यालय आपल्याच राज्यात, ग्वाल्हेरला. अफूच्या बाबतीत जी शिस्त इतकी अंगवळणी पडली आहे ती भांगेला लावायला नवी विद्या शोधावी लागणार नाही. बियांच्या बाबतीत तर लावलीही आहे: भांगेच्या बिया आणि त्यांचं तेल खाद्य म्हणून विकायला २०२१ मध्ये परवानगी देताना अन्नसुरक्षा प्राधिकरणाने टीएचसीची कमाल मर्यादा आकड्यात घालून दिली. बियांत तो जवळजवळ नसतोच. जिथे तो नाही तिथे मर्यादा, आणि जिथे तो आहे तिथे मौन!

तेव्हा आयुष खात्याने विजयाच्या प्रत्येक बाटलीवर दर मिलिलिटरमागे टीएचसी किती आणि सीबीडी किती हे छापणं सक्तीचं करावं, अर्काचं ढोबळ वजन चालणार नाही असं स्पष्ट सांगावं, आणि बाजारातून नमुने उचलून तपासावेत. आबकारी खात्याने निदान भांग ज्या घाऊक मालातून दुकानांना जाते त्याची तपासणी करून गोळीचं वजन आणि अंदाजे टीएचसी दुकानाच्या पाटीवर लिहायला लावावं. याला विरोध होणारच. छोटे दुकानदार खर्चाचं रडगाणं गातील, आणि त्यात तथ्यही आहे, म्हणून तपासणी घाऊक पातळीवर असावी. थेंबांच्या कंपन्यांचा विरोध मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण ज्यांचा माल खरा आहे त्यांना आकडा छापायला अडचण का यावी? काही जण छापतातही. बाकीच्यांना ग्राहकांनी विचारलं पाहिजे.

डॉक्टरांना तर सरकारी परिपत्रकाची वाट बघायचं कारणच नाही. रुग्ण कोणत्या गोळ्या घेतो हे लिहून घेताना त्याच ओळीत थेंब घेता का, कोणते, किती, कधीपासून, एवढं विचारायचं आणि पुढच्या वेळी बाटली आणायला सांगायचं. आवाज चढवून विचारलं तर काका 'नाही' म्हणतील आणि थेंब चालूच ठेवतील, म्हणून जरा गोडीत.